‘तरीही बदला’ : डिफॉल्ट ब्राउझरच्या पानाचं वाचन

या मालेत आम्ही रोजच्या वापरातले पडदे वाचतो, एखादी कथा वाचावी तसे. शब्द कोणते वापरलेत, कुठला ठळक आणि कुठला बारीक, काय सांगितलंय आणि काय गिळलंय. मागच्या वेळी एटीएमचा पडदा घेतला होता. आज विंडोजमधलं ‘डिफॉल्ट ॲप्स’ हे पान घ्यायचं आहे, आणि त्यातलाही एकच भाग, ब्राउझरचा.

विषय श्रोत्यांकडूनच आला. प्रश्न निरनिराळ्या शब्दांत होते, तक्रार मात्र एक: ‘मी क्रोम निवडलंय, तरी मध्येच एज उघडतं. माझं काय चुकतंय?’ कोणी क्रोमच्या जागी फायरफॉक्स म्हणालं, एवढाच फरक. यातलं शेवटचं वाक्य आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटलं. पंख्याचं बटण दाबलं आणि मिक्सर सुरू झाला, तर आपण वायरमनला बोलावतो. ‘माझं काय चुकतंय’ असं विचारत नाही. संगणकापुढे मात्र आपण आपणहून आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहतो. आमचं म्हणणं असं की यातल्या काही तक्रारींत खरोखरच एखादं सेटिंग राहून गेलेलं असतं, ते दोन मिनिटांत करता येतं. उरलेल्या तक्रारींत तुमचं सेटिंग अगदी बरोबर असतं; ते पाळायचं नाही असं दुसऱ्याने ठरवलेलं असतं. दोन्हींना ‘प्रॉब्लेम’ हा एकच शब्द लावला की हा दुसरा प्रकार दिसेनासा होतो.

आधी ‘डिफॉल्ट’ या शब्दाकडे बघू. आपल्याकडे हा शब्द संगणकाच्या आधी बँकेतून आला. डिफॉल्टर म्हणजे हप्ते थकवलेला माणूस. संगणकातला अर्थ वेगळा वाटतो, पण मूळ एकच: जे करायला हवं होतं ते न करणं. तुम्ही काही केलं नाहीत, तर जे आपोआप होईल ते डिफॉल्ट. मराठीत ‘मूलभूत’, ‘पूर्वनिर्धारित’ असे प्रतिशब्द वापरले जातात. आम्हाला त्यापेक्षा ‘गृहीत’ हा जवळचा वाटतो, कारण ‘गृहीत धरणं’ या प्रयोगात कोणीतरी कोणालातरी गृहीत धरत असतं हे ऐकू येतं. पूर्वनिर्धारित म्हटलं की ते जणू ग्रहताऱ्यांनी ठरवलं!

आता कामाचं. दुसरा ब्राउझर उघडला, तर पहिला प्रश्न हा विचारायचा: दुवा कुठून उघडला? सेटिंग्जकडे नंतर जायचं. ईमेलमधून, व्हॉट्सॲपमधून किंवा वर्डच्या फाइलमधून उघडला आणि भलताच ब्राउझर आला, तर सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स असं जायचं, खालच्या यादीत आपला ब्राउझर शोधायचा, त्यावर क्लिक करायचं आणि वर जे ‘सेट डिफॉल्ट’ बटण दिसतं ते दाबायचं. पुष्कळांचं काम इथंच होतं. पण तेच पान थोडं खाली सरकवून बघा. तिथे पीडीएफची ओळ वेगळी आहे. वरचं बटण दाबून पीडीएफ बदलतेच असं नाही. ती स्वतंत्र बदलावी लागते. ‘ब्राउझर बदलला तरी फॉर्म १६ एजमध्येच उघडतो’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा या एका ओळीत असतं.

दुवा आउटलुकमधून उघडला असेल, तर गोष्ट निराळी. आउटलुकला स्वतःचं वेगळं सेटिंग आहे: फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे दुवे कशात उघडायचे ते निवडायची जागा. म्हणजे विंडोजला तुम्ही सांगितलंत ‘क्रोम’, पण त्याच कंपनीचं आउटलुक म्हणतं, ‘मला वेगळं सांगा.’ २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुक आणि टीम्समधले दुवे एजमध्ये उघडायला सुरुवात केली, विंडोजमध्ये काहीही निवडलेलं असलं तरी. आणि संगणक कार्यालयाचा असेल, तर तिथल्या व्यवस्थापकाने डिफॉल्टची एक फाइल लावून ठेवलेली असू शकते. तुम्ही बदललंत तरी पुढच्या लॉगिनला ती पुन्हा लागू होते. तिथे सेटिंगशी झटापट करू नये, सरळ त्या माणसाला फोन करावा.

आणि दुवा स्टार्ट मेन्यूच्या शोधपट्टीतून किंवा विजेट्समधल्या बातमीतून उघडला असेल, तर? तर शोधणं थांबवा. तिथे बदलण्यासारखं सेटिंगच नाही. ते एजमध्येच उघडणार.

याचं कारण कळण्यासाठी पानाचा इतिहास थोडा बघायला हवा. विंडोज ७ पर्यंत कुठलाही प्रोग्राम स्वतःला डिफॉल्ट करून घेऊ शकत असे. त्याचे परिणाम सायबर कॅफेच्या काळातल्या मंडळींना आठवत असतील. एखादा फुकटचा गाण्यांचा प्रोग्राम टाकला की त्याच्यासोबत एक टूलबार, एक नवं होमपेज आणि एक अनोळखी ब्राउझर असा सगळा गोतावळा येई, आधीच बरोबरची खूण केलेल्या बारीक चौकटींतून. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने हे दार बंद केलं. ब्राउझरची निवड रजिस्ट्रीत नोंदवली जाते. तिच्या शेजारी आता एक सांकेतिक ठसा, म्हणजे हॅश, ठेवला जाऊ लागला. ठसा जुळला नाही की विंडोज समजतं, ही निवड माणसाने केलेली नाही, आणि ती रद्द करून मूळपदावर आणतं. कोपऱ्यात मग सूचना येते, अमुक ॲपमुळे गडबड झाली म्हणून डिफॉल्ट पूर्ववत केलं. संगणक ‘स्वच्छ’ करणारी किंवा सगळं एका झटक्यात बदलून देणारी प्रोग्राममंडळी वापरलीत आणि निवड टिकली नाही, तर संशय या ठशावर घ्यावा.

ही सोय चांगलीच होती, हे आम्ही स्पष्ट सांगतो. मायक्रोसॉफ्टवर टीका करणारे पुष्कळ जण हा भाग गाळतात. दाराला कुलूप हवंच होतं. आमचा आक्षेप पुढचा आहे: कुलूप सगळ्यांसाठी लावलं आणि एक किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

२९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं. जुन्या विंडोजवरून त्यावर जाताना ‘एक्स्प्रेस सेटिंग्ज’ असा झटपट मार्ग दिलेला होता. तो घेतला की आधी निवडलेला ब्राउझर जाऊन तिथे एज येत असे. दुसऱ्याच दिवशी मोझिलाचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी ख्रिस बीअर्ड यांनी सत्या नाडेला यांना जाहीर पत्र लिहून याला हरकत घेतली. आता बघा, बाहेरच्या प्रोग्रामने तुमची निवड बदलली तर तो घुसखोर. घरच्याने बदलली तर ती सोय.

मग ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि या पानाने कमाल केली. एकच बटण होतं तेही काढून टाकलं. ब्राउझर बदलायचा तर फाइलींचे आणि दुव्यांचे प्रकार एकेक करून बदलायचे. आम्ही ती यादी मोठ्याने वाचतो, वाचण्यासारखीच आहे: एचटीएम, एचटीएमएल, पीडीएफ, एसएचटीएमएल, एसव्हीजी, वेबपी, एक्सएचटी, एक्सएचटीएमएल, एचटीटीपी, एचटीटीपीएस… या सभागृहात किती जणांना एसएचटीएमएल म्हणजे काय ते ठाऊक आहे? (हशा) हात वर करू नका, आम्हालाही आयुष्यात त्याची गरज पडलेली नाही. जास्त नेमकं नियंत्रण मिळावं म्हणून हे केलं असं कंपनीचं स्पष्टीकरण होतं. हे म्हणजे किराणा दुकानात ‘एक किलो पोहे द्या’ म्हटल्यावर दुकानदाराने, पोहे कुठल्या गिरणीतले, किती मिलिमीटर जाडीचे आणि कुठल्या पोत्यातले, हे विचारत राहावं, आणि दुकानातलेच घ्यायचे असतील तर मात्र एका शब्दात द्यावेत. ओरड झाली. मार्च २०२२ च्या अपडेटमध्ये ‘सेट डिफॉल्ट’ बटण परत आलं. जे बटण तुम्हाला मघाशी दाबायला सांगितलं, ते हेच.

याच काळात फायरफॉक्सनेही एक गोष्ट केली. तो हॅश कसा तयार होतो हे शोधून काढून, एका क्लिकवर स्वतःला डिफॉल्ट करण्याची सोय दिली. सप्टेंबर २०२१ मध्ये याच्या बातम्या आल्या तेव्हा बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला टाळ्या वाजवता येत नाहीत. जी युक्ती फायरफॉक्सला करता येते, ती उद्या एखाद्या भामट्या प्रोग्रामलाही करता येते, आणि मग ते कुलूप कुलूप राहत नाही. पण ही वेळ का आली, हेही विसरून चालणार नाही. मायक्रोसॉफ्टचं उत्तर जास्त मजबूत कुलपाचं होतं. २०२४ मध्ये या नोंदींवर पहारा देणारा एक स्वतंत्र ड्रायव्हरच विंडोजमध्ये आलेला तंत्रज्ञांच्या लक्षात आला.

आता ती किल्ली. साधा दुवा एचटीटीपीएसने सुरू होतो. स्टार्ट मेन्यू आणि विजेट्समधल्या दुव्यांच्या पुढे मात्र मायक्रोसॉफ्ट ‘मायक्रोसॉफ्ट-एज’ असा उपसर्ग लावतं. उपसर्ग लागला की तो दुवा ‘वेबचा’ राहतच नाही, ‘एजचा’ होतो. आणि तुम्ही तर फक्त वेबच्या दुव्यांसाठी क्रोम निवडलेलं असतं. कायद्याच्या कागदात एक व्याख्या बदलून सगळं कलम निकामी करावं, तसा हा प्रकार. एजडिफ्लेक्टर नावाचा एक छोटा फुकट प्रोग्राम होता. तो हा उपसर्ग काढून दुवा तुमच्या ब्राउझरकडे पाठवत असे. २०२१ च्या अखेरीस विंडोजच्या अपडेटने तोही मार्ग बंद केला. इथे सुरक्षेचं कारण काय, हे आम्हाला कुठेही पटण्यासारखं वाचायला मिळालेलं नाही.

हे ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य’ होतं का? मुळीच नाही, आणि याचा पुरावा खुद्द मायक्रोसॉफ्टने दिलाय. युरोपीय संघाचा डिजिटल मार्केट्स ॲक्ट मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना बंधनकारक झाला. त्यासाठी युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या विंडोजमध्ये बदल झाले. तिथे एज काढून टाकता येतं, दुवे तुम्ही निवडलेल्या ब्राउझरची निवड पाळतात. पुढे २०२५ मध्ये कंपनीने असंही जाहीर केलं की तिथे एज तुम्ही स्वतः उघडल्याशिवाय ‘मला डिफॉल्ट करा’ अशी विनवणी करणार नाही. संगणक युरोपातला आहे की नाही हे कशावरून ठरतं? पहिल्यांदा चालू करताना जो प्रदेश निवडला त्यावरून. तो नंतर बदलायचा तर संगणक रीसेट करावा लागतो. तुमचा भाचा म्युनिकला असेल आणि तुम्ही बार्शीला, दोघांकडे एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा लॅपटॉप असेल, तर त्याचं विंडोज ज्या सेटिंगचं ऐकतं ते तुमचं ऐकत नाही. फोनवर तो तुम्हाला सांगणार, ‘मामा, सोपं आहे, माझ्याकडे होतं की!’ आणि तुम्ही पुन्हा स्वतःचंच काय चुकलं ते शोधत बसणार. आमच्या मते आजच्या विषयाचं मर्म इथे आहे.

युरोपात तरी हे सरळ झालं का, तर नाही. तिथली जुनी हकिगत मोठी गमतीची आहे. २००९ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने युरोपीय आयोगाला वचन दिलं की विंडोज वापरणाऱ्यांना ब्राउझर निवडीचा एक पडदा दाखवू. २०१० मध्ये तो आला. कोणालाही झुकतं माप नको, म्हणून पहिल्या पाच ब्राउझरांचा क्रम दर वेळी पत्ते पिसावेत तसा बदलायचा होता. आयबीएममधल्या रॉब वीअर यांनी तपासलं तर पत्ते नीट पिसलेच जात नव्हते. खुद्द इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पान उघडलं तर इंटरनेट एक्सप्लोरर जवळजवळ निम्म्या वेळा शेवटच्या, पाचव्या जागी येत होता. यायला हवा होता पाचातून एकदा. म्हणजे कट असलाच तर तो स्वतःच्याच विरुद्ध! क्रम लावणाऱ्या आज्ञेला ‘या दोघांत मोठा कोण’ याचं उत्तर दर वेळी नाणेफेक करून दिलेलं होतं. अशाने क्रम लागतो, पण समान संधीचा लागत नाही. नवशिक्या प्रोग्रामरची नेहमीची चूक. ती सुधारली गेली. पण पुढे विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये तो पडदाच गायब झाला, आणि मे २०११ ते जुलै २०१२ या काळात दीड कोटी लोकांना तो दिसलाच नाही. तांत्रिक चूक, असं कंपनीने सांगितलं. मार्च २०१३ मध्ये आयोगाने ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड केला.

आता त्या पडद्यावरच्या भाषेकडे येऊ, कारण समीक्षा म्हणून बोलावलंत तर शब्दांवर बोलायला हवं. विंडोज १० मध्ये डिफॉल्ट ब्राउझर एजवरून बदलायला जा. मध्ये एक चौकट येते: बदलण्यापूर्वी एज वापरून बघा, असा तिचा भाव. खाली दोन पर्याय. एक, ‘बघा तरी’ अशा अर्थाचा. दुसरा, ‘स्विच एनीवे’. तरीही बदला. हा ‘तरीही’ शब्द नीट ऐका. आईने ‘बाहेर पाऊस आहे’ म्हटल्यावर मुलगा तरीही जातो. डॉक्टरांनी नको म्हटल्यावर रुग्ण तरीही वडापाव खातो. ‘तरीही’च्या आधी नेहमी एक शहाणपणाचा सल्ला असतो आणि तो मोडणारा हट्टी असतो. इथे सल्ला कोणी दिला? ज्याचा माल आहे त्याने. अपडेटनंतर येणाऱ्या पडद्यांवर ‘शिफारस केलेली ब्राउझर सेटिंग्ज’ असा शब्दप्रयोग असतो, तोही याच जातीचा. शिफारसपत्र तिसऱ्याने द्यायचं असतं. उमेदवाराने स्वतःच्या सहीने स्वतःची शिफारस केली, तर त्याला आपण अर्ज म्हणतो.

भारतात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न्स’बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि १३ प्रकार नावांनिशी दिले. पुन्हा पुन्हा टोचत राहणं हा त्यांतला एक, आणि पडद्याच्या मांडणीत लबाडी करणं हा आणखी एक. ती यादी जरूर वाचा. आपल्याला रोज जे होतं त्याला नाव आहे हे कळलं, तरी पिंजऱ्यातून अर्धं बाहेर आल्यासारखं वाटतं.

एकट्या मायक्रोसॉफ्टला झोडपून सोडणं मात्र अन्यायाचं होईल. आयफोनवर तर सप्टेंबर २०२० च्या आयओएस १४ पर्यंत डिफॉल्ट ब्राउझर बदलण्याची सोयच नव्हती, म्हणून कोणी तक्रारही करत नव्हतं. सोय आली तीही अशी, की फोन बंद करून चालू केला की निवड पुसून पुन्हा सफारी! थोड्याच दिवसांत आयओएस १४.०.१ मध्ये ते दुरुस्त झालं. आणि पैशांचा आकडा ऐका: शोधयंत्र म्हणून आपलं नाव गृहीत असावं, यासाठी गुगलने २०२१ या एका वर्षात ॲपल आणि इतरांना मिळून २६.३ अब्ज डॉलर मोजले. अमेरिकेतल्या खटल्यात हे बाहेर आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलविरुद्ध निकाल दिला. लोक सहज बदलू शकतात असं जर खरंच असतं, तर एवढे पैसे कोणी कशाला दिले असते? आणि हे पैसे घेणाऱ्यांत मोझिलाही आहे, नाडेलांना पत्र लिहिणारी. तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग गुगलच्या याच करारातून येतो. तिची तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही, पण ती वाचताना हे ठाऊक असलेलं बरं. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि फोन पहिल्यांदा सुरू करतानाच शोधयंत्र निवडू द्या असं बजावलं. २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. म्हणजे फोनबाबत आपल्याकडे काही हललं. विंडोजच्या शोधपट्टीबाबत नाही.

वेळ संपत आला, दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : मग एज काढूनच टाकावं का?

युरोपाबाहेर ते सरळ मार्गाने निघत नाही. इंटरनेटवर जबरदस्तीने काढायच्या आज्ञा मिळतात. त्यांच्या नादी लागू नका, पुढच्या अपडेटला एज परत येतं आणि मध्ये दुसरं काहीतरी मोडतं. शिवाय इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाल्यावर, त्याच्याचसाठी बनवलेली जुनी संकेतस्थळं उघडायला एजमधला ‘आयई मोड’ उपयोगी पडतो. असू द्या एका कोपऱ्यात. शोधायचं असेल तेव्हा स्टार्ट मेन्यूत टाइप करू नका, आधी तुमचा ब्राउझर उघडा आणि त्यात शोधा.

प्रश्न : डिजिटल सहीचा सातबारा ब्राउझरमध्ये उघडतो, तो चालतो का?

वाचायला चालतो. सही तपासायची असेल, तर बहुतेक ब्राउझर फक्त पान दाखवतात. ॲडोबी रीडरमध्ये उघडून तपासा. फाइलवर उजवं क्लिक, ‘ओपन विथ’, त्यात दुसरं ॲप निवडायचा पर्याय, तिथे रीडर. आणि खाली ‘ऑलवेज’ दिसेल ते दाबलंत, की पीडीएफची ती वेगळी ओळही बदलून जाते.